नजरेने खेळायचे खेळ

मराठी भाषेत डोळ्यांवर वाक्प्रचार उदंड आहेत. कुणी डोळे वटारतो, कुणी डोळा चुकवतो, कुणी डोळेझाक करतो, तर कुणाचा एखाद्या वस्तूवर डोळा असतो. घरी पाहुणे आले असता आई एक अक्षरही न उच्चारता केवळ नजरेने मुलाला लाडवांच्या ताटलीपासून दूर ठेवते. नजरेने हुकूम सोडता येतो, हे आपल्याला पूर्वीपासून ठाऊक आहे. मात्र तो हुकूम समजून घेणारे दुसरे माणूसच समोर असावे लागे. गेल्या काही दशकांत यंत्रालाही माणसाची नजर कळू लागली. संगणकाच्या पडद्यावरील फुग्याकडे पाहिले की फुगा फुटतो, बिळातून डोकावणाऱ्या प्राण्यावर नजर रोखली की तो पुन्हा बिळात जातो, असे खेळ तयार झाले. हात न लावता, कळ न दाबता, नुसते पाहून खेळायचे हे खेळ केवळ करमणुकीपुरते नाहीत. ज्यांच्या मेंदूची वाढ बालपणापासूनच निराळ्या वाटेने झाली आहे, अशा काही मुलांना त्यांचा आधार होऊ शकतो. तो कसा होतो आणि कुठवर होतो, हे समजण्यासाठी प्रथम डोळा पाहतो कसा, हे जाणून घेतले पाहिजे.

डोळ्यांपुढचे सारे दृश्य आपल्याला सारखेच स्पष्ट दिसते, असा आपला समज असतो. वस्तुतः तसे नसते. हात पूर्ण लांब करून अंगठा उभा धरावा. त्याच्या नखाने जेवढी जागा व्यापली जाते, साधारण तेवढ्याच भागातले दृश्य डोळ्याला रेखीव दिसते. बाकीचे सगळे अस्पष्ट असते. म्हणून डोळा एका जागी स्थिर राहत नाही. तो दर सेकंदाला दोन-तीन वेळा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी झेप घेतो, तेथे क्षणभर थांबतो आणि पुन्हा झेपावतो. ‘हिसका’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून शास्त्रज्ञ या झेपेला ‘सॅकेड’ म्हणतात. झेप चालू असताना आपल्याला जवळजवळ काहीच दिसत नाही, आणि याचा पडताळा कोणालाही घेता येतो. आरशासमोर उभे राहून प्रथम आपल्या डाव्या डोळ्याकडे व मग उजव्या डोळ्याकडे पाहावे. स्वतःचे डोळे हलताना स्वतःला कधीच दिसत नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या मित्राला मात्र ते स्पष्ट दिसतात.

प्रत्येक झेपेपूर्वी मेंदूला तीन कामे करावी लागतात. ज्या वस्तूवर लक्ष जडले आहे तिच्यावरून ते सोडवून घ्यायचे, पुढची जागा निवडायची, आणि वाटेत चमकणाऱ्या परंतु निरुपयोगी गोष्टींचा मोह टाळायचा. ही कामे आपल्या नकळत पार पडतात, म्हणून त्यांचे महत्त्व आपल्याला जाणवत नाही. शिक्षकांनी ‘फळ्याकडे पाहा’ म्हटल्याबरोबर वहीवरची नजर उचलून फळ्यावर नेणे, ही केवढी मोठी करामत आहे, हे ज्याला ती साधत नाही त्याच्याकडे पाहिले म्हणजे कळते.

नजरेची ही धावपळ मोजण्याचे प्रयत्न जुने आहेत. वाचताना डोळा ओळीवरून सरळ सरकत जात नसून उड्या मारत जातो, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शास्त्रज्ञांच्या ध्यानात आली. या अभ्यासाशी पॅरिसचे नेत्रवैद्य एमिल झावाल यांचे नाव जोडले जाते. इतरांच्या डोळ्यांवर उपचार करण्यात आयुष्य घालवलेल्या या वैद्यांना स्वतःला काचबिंदूमुळे १९०० साली पूर्ण अंधत्व आले, हा दैवाचा विचित्र खेळ म्हटला पाहिजे. पुढे रशियात आल्फ्रेड यार्बुस यांनी डोळा औषधाने बधिर करून त्यावर चिमुकली टोपी बसवली व तिला इवलासा आरसा जोडला. आरशावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाने नजरेचा मार्ग कागदावर उमटे. त्यांनी एका व्यक्तीला रेपिन या चित्रकाराचे एकच चित्र पुनःपुन्हा दाखवले. मात्र दर वेळी प्रश्न निराळा विचारला. चित्रातील माणसांचे वय विचारले की नजर चेहऱ्यांवर फिरे; कपडे लक्षात ठेवायला सांगितले की ती कपड्यांवर रेंगाळे. चित्र तेच, डोळे तेच. परंतु मनातला प्रश्न बदलला की नजरेची वाट बदलत असे. यार्बुस यांचा ग्रंथ १९६५ साली रशियन भाषेत आणि १९६७ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला.

सुदैवाने आता डोळ्यात काहीही बसवावे लागत नाही. पडद्याच्या खालच्या कडेला वीतभर लांबीची एक पट्टी ठेवतात. तिच्यातून अवरक्त किरण निघतात. ते आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत. हे किरण डोळ्याच्या पारपटलावर पडले की तेथे एक ठिपका चमकतो. पट्टीतला कॅमेरा त्या ठिपक्याची आणि काळ्याभोर बाहुलीची छायाचित्रे सेकंदाला अनेक वेळा घेतो. डोळा फिरला की बाहुली सरकते, पण ठिपका फारसा सरकत नाही. या दोहोंतील अंतरावरून नजर पडद्याच्या कोणत्या भागावर आहे, हे संगणक गणिताने काढतो. त्यासाठी आरंभी खेळणाऱ्याची ओळख करून घ्यावी लागते: पडद्यावर एकामागून एक ठिपके येतात व तो त्यांच्याकडे पाहतो. एवढे झाले की नजर हेच खेळाचे साधन बनते.

आता मुलांकडे वळू. स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, या अवस्थेचे सविस्तर वर्णन १९४३ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे लिओ कॅनर यांनी केले. स्वमग्न व्यक्ती एकमेकींसारख्या नसतात. काही भरभर बोलतात, काहींना बोलताच येत नाही. पण इतरांशी होणारा व्यवहार त्यांना अवघड जातो, आणि एका विषयावर किंवा हालचालीवर त्यांचे मन खिळून राहते. त्यांचे डोळे निकोप असले, तरी नजरेची वाट पुष्कळदा निराळी असते. २००२ साली येल विद्यापीठातील आमी क्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वमग्न तरुणांना एक जुना चित्रपट दाखवून त्यांच्या नजरेची नोंद घेतली. इतर प्रेक्षक पात्रांच्या डोळ्यांकडे पाहत. हे तरुण तोंडाकडे, अंगाकडे किंवा खोलीतल्या वस्तूंकडे अधिक पाहत. एका प्रसंगात एक पात्र भिंतीवरच्या चित्राकडे बोट दाखवून ते कोणी काढले असे विचारते. सामान्य प्रेक्षकाची नजर बोटामागोमाग नेमकी त्या चित्राकडे गेली. स्वमग्न प्रेक्षकाला बोटाचा इशारा उमगला नाही. ‘चित्र’ हा शब्द कानी पडल्यावर त्याची नजर भिंतीवरच्या एका चित्राकडून दुसऱ्याकडे शोधत फिरली. त्याला समज नव्हती असे नाही. तो संभाषणाच्या एक पाऊल मागे पडला होता. अशी पावले दिवसभर मागे पडत गेली, तर खेळाच्या मैदानावर आणि वर्गात त्या मुलाचे काय होत असेल, याची कल्पना करणे अवघड नाही.

कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथील विद्यापीठात जीन टाउनसेंड यांनी या प्रश्नाचा दीर्घकाळ अभ्यास केला होता. स्वमग्न व्यक्तींना एका जागेवरून दुसऱ्या जागी लक्ष वळवण्यास इतरांपेक्षा अधिक वेळ लागतो, असे त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले होते. पुढे लीअॅन चुकॉस्की यांच्यासमवेत त्यांनी नजरेने खेळायचे खेळ तयार करवले. या जातीच्या खेळांत पडद्यावर कोठेतरी लक्ष्य अचानक उगवते. त्याच्याकडे चटकन झेप घ्यावी लागते, झेप नेमकी पडावी लागते, आणि ठरावीक काळ नजर तेथे स्थिर ठेवावी लागते. काही आकृत्यांकडे मात्र मुळीच पाहायचे नसते. पाहिले की खेळ बिघडतो. ही तर झेपेपूर्वीची तीन कामेच झाली. एरवी कोणालाही न दिसणारी कामे येथे गुणांच्या रूपाने खेळणाऱ्याला दिसू लागतात. ‘लक्ष दे’ असे हजार वेळा ऐकलेल्या मुलाला लक्ष देणे म्हणजे नेमके काय करणे, हे कदाचित प्रथमच हाती लागते.

या खेळांची छोटी चाचणी घेण्यात आली व तिचा वृत्तांत २०१८ साली प्रसिद्ध झाला. आठ स्वमग्न किशोरांना ही साधने घरी नेऊन ८ आठवडे खेळायला दिली होती. त्यांपैकी सहा जणांनी सराव पूर्ण केला, आणि त्या सहाही जणांच्या लक्ष वळवण्यात, नजरेच्या ताब्यात किंवा दोहोंतही सुधारणा दिसली. सर्व मुलांना ही साधने स्वतंत्रपणे वापरता आली आणि एकही मोडले नाही, ही नोंदही तीत आहे. ज्या घरात मुले आहेत त्या घरातील माणसांना तिची किंमत कळेल.

हे निष्कर्ष आशादायक आहेत. परंतु त्यांवर फार मोठी इमारत उभारता येणार नाही. सहा मुले म्हणजे वर्गातला एक बाकही धड भरत नाही. शिवाय संशोधकांनी स्वतःच पुढचा प्रश्न मोकळा ठेवला आहे: पडद्यावर कमावलेले कौशल्य पडद्याबाहेर किती उतरते? विटीदांडूत नेम साधणाऱ्याचा हात चेंडूफळीत थोडाफार उपयोगी पडेल. तेवढ्याने त्याचे अक्षर सुधारेल असे नाही. नजर चपळ झाल्यामुळे मुलाला मित्राचे बोलणे लवकर उमगते काय, रस्ता ओलांडताना येणारी गाडी वेळेवर दिसते काय, हे निराळेच तपासावे लागते. अशी तपासणी न करता मोठमोठी आश्वासने देणारे लोकही जगात आहेत. अमेरिकेत ‘लुमॉसिटी’ या नावाने बुद्धीचे खेळ विकणाऱ्या कंपनीवर फसव्या जाहिरातींचा आरोप तेथील सरकारी आयोगाने ठेवला होता, आणि २०१६ साली तिने २० लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवले. ते खेळ नजरेने चालणारे नव्हते. पण मुलाच्या काळजीने व्याकुळ झालेले आईबाप कोणत्याही आश्वासनाला लवकर भुलतात, हे येथेही लागू आहे.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. स्वमग्न मुलाला बळेच इतरांच्या डोळ्यांत डोळे घालून पाहायला लावणे, हा या खेळांचा हेतू नाही व तो असूही नये. समोरच्याच्या डोळ्यांत पाहणे आपल्याला असह्य होते, नजर दुसरीकडे असली म्हणजे बोलणे नीट ऐकू येते, असे अनेक स्वमग्न प्रौढांनी सांगितले आहे. त्यांना ‘माझ्याकडे बघून बोल’ म्हणून दरडावणे निर्दयपणाचे आहे.

आतापर्यंत पाहिलेल्या खेळांत नजरेला वळण लावले जाते. दुसऱ्या काही मुलांच्या बाबतीत परिस्थिती उलट असते. त्यांची नजरच तेवढी त्यांच्या ताब्यात असते, आणि बाकी शरीर ऐकत नाही.

व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ अँड्रियास रेट यांच्या दवाखान्यात १९५४ साली दोन मुली आपापल्या आईच्या मांडीवर बसून होत्या. दोघीही हात धुतल्यासारखे तळहात एकमेकांवर सतत चोळत होत्या. दोघींची ती हालचाल इतकी सारखी होती की रेट यांचे लक्ष तिच्यावर खिळले. त्यांनी अशा आणखी मुली शोधून १९६६ साली जर्मन भाषेत लेख लिहिला. पण त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. १९८३ साली स्वीडनचे बेंग्ट हागबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ३५ मुलींची माहिती इंग्रजीत प्रसिद्ध केली, तेव्हा हा विकार जगाला कळला व त्याला रेट यांचे नाव मिळाले. १९९९ साली ह्यूस्टन येथे हुदा झोगबी यांच्या प्रयोगशाळेत त्याचे मूळ एका जनुकातील बिघाडात सापडले. सुमारे १०,००० मुलींत एकीला हा विकार होतो. पहिले सहा ते अठरा महिने बाळाची वाढ वरवर नेहमीसारखी होते. नंतर शिकलेले शब्द एकेक करून जातात, आणि हातांतली वस्तू धरण्याची शक्ती नाहीशी होते.

अशा मुलीच्या बुद्धीची परीक्षा कशी घ्यावी? ‘गाय दाखव’ म्हटले तर बोट उचलत नाही. ‘हे काय आहे’ म्हटले तर शब्द उमटत नाही. म्हणून कित्येक वर्षे या मुलींना काहीच समजत नाही, असे मानले जाई. आया मात्र सांगत की आमची मुलगी डोळ्यांनी बोलते. आईची माया आहे, म्हणून तिला तसे वाटते, असे समजून जाणती माणसे ते सोडून देत. पुढे नजर मोजण्याचे यंत्र या मुलींसमोर ठेवण्यात आले, तेव्हा त्या चेहऱ्यांकडे, त्यातही डोळ्यांकडे, आवर्जून पाहतात असे आढळले. एके काळी स्वमग्नतेच्या गटात मोडणाऱ्या या विकारात नजरेची ओढ अशी अगदी वेगळी असावी, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आया खोटे बोलत नव्हत्या.

अशा मुलींसाठी खेळ हीच पहिली पायरी असते. इंग्लंडमधील ‘लुक टू लर्न’ या खेळसंचात पडद्यावरच्या माणसाकडे पाहिले की त्याच्या तोंडावर मलईचा गोळा फेकला जातो. मोठ्या माणसांना हा खेळ पोरकट वाटेल. पण जन्मात कधी कुणाची खोडी काढता आली नाही, अशा मुलीला आपल्या पाहण्याने जगात काही घडते, हा अनुभव त्यातून मिळतो. त्यानंतर दोन चित्रांतून एक निवडणे येते. पुढे गाणे, गोष्ट, खाऊ यांची निवड येते. आणि काही मुली चित्रांवरून शब्दांपर्यंत पोहोचतात. प्रत्येकीला सारी शिडी चढता येतेच असे नाही.

येथे एक अडचण उभी राहते. ग्रीक पुराणातील मिडास राजाला, हात लावील त्याचे सोने होईल, असा वर मिळाला होता. त्याच्या अन्नाचेही सोने झाले आणि तो उपाशी राहू लागला. आपल्या भस्मासुराची गोष्टही याच जातीची. नजरेने चालणाऱ्या संगणकाचे तेच होते. डोळे तर सारखे फिरतच असतात. जिकडे पाहावे तिकडची कळ दाबली जाऊ लागली, तर खेळणाऱ्याला नुसते पाहण्याची सोयच उरणार नाही. १९९० च्या सुमारास रॉबर्ट जेकब या अमेरिकन संशोधकांनी या अडचणीला मिडासचेच नाव दिले. तिच्यावर उपाय म्हणजे थांबणे: नजर एका जागी ठरावीक काळ टिकली, तरच ती आज्ञा समजायची. हा काळ किती असावा, हे मात्र प्रत्येक मुलापुरते ठरवावे लागते. रेटचा विकार असलेल्या मुलीला मनात आलेली गोष्ट कृतीत आणायला बराच वेळ लागतो. मोठी माणसे घाई करतात, प्रश्न पुन्हा विचारतात, आणि तिची सुरू झालेली तयारी मोडून टाकतात. चांगले शिक्षक प्रश्न एकदाच विचारतात आणि गप्प बसून वाट पाहतात.

वाट पाहण्याबरोबर सावधपणाही हवा. मुलीची नजर नेहमी पडद्याच्या उजव्या बाजूलाच वळत असेल, तर तिने उजवीकडचे चित्र निवडले, असे म्हणणे म्हणजे आपल्या मनातले उत्तर तिच्या तोंडी घालणे होय. म्हणून चित्रांच्या जागा अदलाबदल करून पुन्हा विचारतात. चित्र कुठेही असले तरी नजर त्याच्याकडेच गेली, तर निवड तिची समजायची.

भारतातही अशा दिशेने काम झाले आहे. मेंदूतील बिघाडामुळे ज्यांचे स्नायू ताब्यात राहत नाहीत, अशा सेरेब्रल पाल्सी असलेल्या विद्यार्थ्यांसाठी चेन्नईत ‘विद्यासागर’ ही संस्था आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी तिच्या सहकार्याने, नजरेने चालवता येणारा यांत्रिक हात तयार केला. त्याच्या योगे कापडावर नक्षी छापण्याचे काम विद्यार्थी करू शकतात.

साधनांची किंमत हा मोठाच प्रश्न होता. नजर ओळखणारी यंत्रे पूर्वी सामान्य घराच्या आवाक्याबाहेर होती. कोपनहेगनच्या एका कंपनीने ती ९९ डॉलरना विकायला आणली, तेव्हा पुष्कळांना हायसे वाटले. पण २०१६ साली ती कंपनी दुसऱ्या बड्या उद्योगाने विकत घेतली, आणि ते स्वस्त यंत्र बाजारातून गेले. मुलाचा आवाज ज्या वस्तूवर अवलंबून, तीच अशी नाहीशी होते, याचा विचार धंद्याच्या हिशेबात क्वचितच होतो. २०२४ पासून अॅपल कंपनीच्या काही फोनांत व टॅब्लेटांत पुढच्या साध्या कॅमेऱ्याने नजर ओळखण्याची सोय आली आहे. ती खास यंत्राइतकी अचूक नाही. खास यंत्रालाही अडचणी आहेतच: उघड्या उन्हात सूर्याचे अवरक्त किरण त्याला भांबावून टाकतात, मान सारखी हलत असली तर नजर निसटते, आणि डोळेही दमतात.

म्हणून अनुभवी शिक्षक खेळाच्या पडद्यावर आरंभापासूनच दोन चित्रांना जागा ठेवतात. एक ‘आणखी’ असे सांगणारे, आणि दुसरे ‘पुरे’ असे सांगणारे. पुष्कळदा आठवडेच्या आठवडे दुसऱ्या चित्राकडे कोणी वळत नाही. मग एखाद्या दिवशी खेळ रंगात आलेला असताना, शेजारी बसलेल्या मोठ्यांना अजून थोडा वेळ हवासा वाटत असताना, मुलीची नजर हळूहळू ‘पुरे’कडे जाते आणि तेथे टिकून राहते. त्या दिवशी खेळ तत्क्षणी बंद करावा लागतो.